गळती

सोहारच्या प्लँटवर माझं काम एवढंच:
साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन
एकेका फ्लँजशी वाकायचं,
फेस लावायचा, बुडबुडा फुगला
की खडूनं गोल काढायचा
आणि वहीत लिहायचं: गळती.
एकोणीस वर्षं.
हात झोपेतही पाना फिरवतो.

आणि तरी संध्याकाळी, कॅम्पच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीआड बसून
सहाही भोकं झाकून मी मंद्र पंचम लावतो
तेव्हा सूर कमी, वाराच जास्त.
फस्स.
टायरचा वॉल्व्ह दाबावा तसं.
खालून मुरुगेसन ओरडतो,
"अरे, कुकर कुणाचा? उतरवा!"

सगळं करून पाहिलं.
बासरीला मोहरीचं तेल पाजलं.
एसीच्या कोरड्या हवेत तडकू नये
म्हणून ओलसर पंचात निजवली.
दोऱ्याचे वेढे नव्यानं आवळले.
शेवटी, हसू नका,
अनामिकेच्या कडेनं साबणाचं पाणी लावून फुंकलं.
बुडबुडा आला नाही.
म्हणजे गळती बोटांत नव्हती.

दादकरीम एक दिवसाआड टँकर घेऊन येतो.
बलुच. पणजोबा मकरानातून होडीनं आलेले.
तोही वाजवतो, दोनेली:
तोंडात दोन नळ्या, एक गोष्ट सांगते,
दुसरी नुसती हूं हूं करत राहते,
आणि मधे श्वास कधी घेतो
ते मला, गळत्या शोधणाऱ्याला,
अजून सापडलेलं नाही.

पाइप टाकीत सोडून तो उभा राहिला.
टाकी भरेस्तोवर माझी फुसफूस ऐकली.
मग खिशातून एक फर्द खजूर काढला.
"खा. बी टाकू नको.
मागच्या दाढांत धर. चावू नको.
आता फुंक."
एवढंच शिकवणं.
त्याला वेळ नव्हता, अजून चार कॅम्प बाकी होते.

दाढेत बी असली की जबडा मिटत नाही.
जीभ खाली बसते, तळ्यातल्या म्हशीसारखी,
टाळू वर सरकतो,
आणि तोंडात एक रिकामी खोली तयार होते.
(आम्ही एका खोलीत सहाजण.
एकोणीस वर्षांत मला मिळालेली
ही पहिली स्वतंत्र खोली.)
ओठ मात्र बारीक,
सुईत ओवायचा दोरा ओला करताना होतात तेवढेच.

पहिले आठ दिवस नुसती लाळ.
नववा दिवस ऑगस्टातला.
हवेत इतका दमटपणा की चष्म्यावर पाणी,
टाकीचा पत्रा घामेजलेला.
बांबू मऊ पडला असेल, किंवा मी.
फुंक कडेवर आपटली, नेमकी दुभंगली,
अर्धी आत, अर्धी बाहेर,
आणि पंचम आला.

कानाला नंतर कळलं.
आधी अनामिकेच्या पेराला, मुंगी चालल्यागत,
मग पाठीशी टेकलेल्या पत्र्याला,
मग छातीच्या हाडाला.
जाड, काळसर, काकवीसारखा संथ.
बंदरात एका जहाजानं भोंगा दिला,
तो माझ्याहून अर्धा स्वर चढा होता.
मी हललो नाही. जहाजानं बघावं काय ते.
खालून कुणी ओरडलं नाही.

अर्धी बाहेर.
म्हणजे ती जायचीच असते.
एकोणीस वर्षं मी खडूनं गोल काढतोय,
याला वहीत काय लिहायचं?
या विचारानं मी एवढा दचकलो
की बी गिळली.

मग पुन्हा फस्स.
दुसऱ्या दिवशीही फस्स.
तिसऱ्या दिवशी टँकर आला.
"सूर कुठे गेला?" दादकरीमनं विचारलं.
मी पोटावर हात ठेवला.
तो इतका हसला
की पाइप टाकीतून निसटला,
गच्चीभर पाणी.
मी सवयीनं पाना शोधायला खिसे चाचपू लागलो.

या वेळी खजूर त्यानं स्वतः खाल्ला
आणि बी त्याच पाण्यात धुऊन
मला दिली.